चिकटलेली दोन पानं

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी पहाटे सहाला रेडिओवरचा माणूस बंद शाळांची यादी वाचायला लागला, आणि ती संपेपर्यंत डार्ला फाइस्टची कॉफी निवून गेली. आमच्या उत्तर डाकोटात अशी यादी हिवाळ्यात दोन-चारदा होतेच. पण त्या सत्त्याण्णव साली आभाळाच्या मनात काय होतं कोण जाणे, एक वादळ सरकलं की दुसरं दारात हजर. बाहेर उणे तीस, आणि वारा असा की ओसरी ते गोठा ही साठ पावलं डार्लाचा नवरा ड्वेन दोरी धरून जायचा. दोरी सुटली तर माणूस स्वतःच्या अंगणात हरवतो, आणि असा हरवलेला एखादा तरी माणूस आमच्याकडे प्रत्येक घराच्या ओळखीत आहे.

"सगळ्या शाळा बंद," क्लेटन जिन्यावरूनच म्हणाला. हा थोरला, तेरा वर्षांचा, नुकताच आवाज फुटलेला. "म्हणजे आपलीपण."

"आपल्या शाळेचं नाव घेतलं त्यानं?"

"आपल्या शाळेला नाव कुठाय?"

"मग बंद कशी होईल? ये खाली. भूगोल काढ."

"जगात कुणाला नाही एवढी हजेरी आपल्याला," असं पुटपुटत तो खाली आला.

डार्लाची शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं लांब टेबल. एका टोकाला क्लेटन, त्याच्याशेजारी अकरा वर्षांची मार्टा, मग आठ वर्षांची टीली, आणि दुसऱ्या टोकाला चार वर्षांचा गस, ज्याचं काम फक्त इतरांच्या पेन्सिली पळवणं. मास्तरीणबाई शेगडीपाशी. एक डोळा सुपावर, एक गसवर, आणि कान टेबलाकडे. तिला हौस होती म्हणून तिनं मुलं घरी शिकवायला घेतली असं गावात काही जण म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं. तीन वर्षांपूर्वी शाळेची बस वादळात खड्ड्यात गेली होती आणि चौदा मुलं त्या पत्र्याच्या डब्यात आठ तास बसून होती. त्यांत क्लेटन होता, मार्टा होती. मार्टाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली, आणि तिथली नखं अजून नीट येत नाहीत. ते आठ तास डार्ला खिडकीशी उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं ड्वेनला सांगितलं, माझी मुलं पुन्हा त्या बसमध्ये चढणार नाहीत.

आता अडचण अशी, की डार्ला स्वतः दहावीतून शाळा सोडलेली. बापाची कंबर मोडली, गोठ्यात तीस गाई, मग पुस्तकं कुठली. ज्या आईचं शिक्षण पुरं झालेलं नाही तिच्या शाळेवर एका पक्क्या शिक्षिकेनं नजर ठेवायची, असा नियम. म्हणून वर्षातून दोनदा श्टाइगरबाई यायच्या. त्यांनी डार्लाला नववीत शिकवलेलं होतं, त्यामुळे छत्तीस वर्षांची चार मुलांची आई त्यांच्यासमोर अजून पाठ ताठ करून बसायची. बाई मुलांना वाचायला लावत, गणितं घालत, आणि एका फॉर्मवर सही करत. सही झाली की सहा महिने सुटका. नाही झाली तर सोमवारी सकाळी बस.

श्टाइगरबाई त्याच शुक्रवारी येणार होत्या.

म्हणून त्या सोमवारी डार्लानं सगळ्यांकडून घोटून घ्यायला सुरुवात केली. क्लेटनच्या राजधान्या झाल्या, मार्टाचे अपूर्णांक झाले. मग टीलीनं लाल पुस्तक काढलं. हे पुस्तक आधी क्लेटननं वाचलं, मग मार्टानं, आता टीलीकडे आलेलं. कडा दुमडलेल्या, पाठीवर चिकटपट्टी. त्यातली पोस्टमनच्या टोपीची गोष्ट टीलीला फार आवडायची.

"शेळीनं टोपीकडे पाहिलं," टीली वाचू लागली. स्वच्छ, ठसक्यात, जिथं थांबायचं तिथं थांबून. शेगडीशी उभ्या डार्लाला बरं वाटलं. चार मुलांत हीच वाचनाला सरस, असं ती फोनवर बहिणीला सांगायची. तेवढ्यात गसनं दूध सांडलं, आणि ती फडकं घेऊन टेबलाशी आली. टीलीच्या मागे उभी राहून पुसता पुसता तिची नजर सहज पुस्तकावर गेली.

टीलीनं पान उलटलं. ते एक पान नव्हतं. गसनं हिवाळ्याच्या सुरुवातीला तिथं पॅनकेकवरचा पाक सांडला होता आणि दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. डार्लाला ते माहीत होतं, सोडवायचं राहून गेलं होतं. समोर उघडं होतं ते पुढचं पान, ज्यावर पोस्टमन डोक्यावर पातेलं घालून येतो. पण टीली वाचत होती, "शेळीनं टोपी खाल्ली. आधी कड, मग बिल्ला. पोस्टमन म्हणाला, बाई, ही सरकारी टोपी आहे." हे सगळं चिकटलेल्या दोन पानांच्या आत होतं.

डार्लाला आधी हसूच आलं. काय पोरीची आठवण, असं वाटलं. मग तिचा हात पुसता पुसता थांबला.

"टीली, परत वाच बघू. हे पान."

टीलीनं पानाकडे पाहिलं आणि पुन्हा टोपी खाल्ली. पातेल्याचं चित्र समोर होतं तरी.

"ह्या शब्दावर बोट ठेव. हा कुठला?"

टीलीनं बोट ठेवलं. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. "शेळी?"

तो शब्द पातेलं होता.

"तिला सगळं पाठ आहे," मार्टा मान वर न करता म्हणाली. "मी वाचायचे तेव्हा ती टेबलाखाली बसून माझ्याबरोबर म्हणायची."

"तू हे आत्ता सांगतेस?"

"तू कधी विचारलंस?" मार्टा म्हणाली, आणि तिचंही खरं होतं.

डार्लानं फडकं पिळून ठेवलं. तिनं टीलीला दुसरं काही विचारलं नाही. गणित काढ म्हणाली आणि पुन्हा शेगडीकडे गेली, कारण मुलांसमोर तिला रडायचं नव्हतं. तीन वर्षं ती पोरगी कानानं शिकत होती आणि डार्ला कानानं तपासत होती. टेबल एक, मुलं चार, वरच्यांचे धडे खालची ऐकतात, याचा तिला केवढा अभिमान. शाळेत असं कुठं मिळतं, असं ती लोकांना ऐकवायची. आता घ्या.

मंगळवारी वारा वाढला. स्वयंपाकघराची उत्तरेकडची खिडकी अर्धी बर्फाखाली गेली आणि दिवसाही दिवा लावावा लागला. डार्लानं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, मीठ, पीठ, काडेपेटी, आणि टीलीला बाजूला घेतलं.

"तळघरातून एवढं आण. यादी वाच आधी."

टीलीनं कागद हातात धरला. तिचे डोळे कागदावर नव्हतेच. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, कुठं भुवई हलते का, ओठ हलतात का.

"बटाटे," ती म्हणाली. मग घाईनं, "कांदे?"

"कागदाकडे बघ टीली. माझ्याकडे काय बघतेस? माझ्या कपाळावर लिहिलंय?"

टीलीनं खरंच एकदा तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझं डोकं दुखतंय."

अक्षरं तिला ओळखता येत होती, सुटी सुटी. दोन जोडली की ती गडबडायची, तीन जोडली की ओठ घट्ट मिटून बसायची. डार्ला दुपारपर्यंत तिच्यामागे लागली. आधी गोडीनं, मग आवाज चढवून. हे काय, हे काय, आत्ताच तर सांगितलं. शेवटी टीली टेबलाखाली जाऊन बसली आणि डार्लाला स्वतःचा इतका राग आला की तिनं पिठाचा डबा आपटला. क्लेटननं भूगोलातून मान वर काढली.

"आई, शुक्रवारी तिला लाल पुस्तकच दे ना. बाईंना काय कळतंय."

"तू तुझं बघ."

पण ते तिच्याही मनात येऊन गेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा सही होऊ दे, मग सहा महिने आहेत, मी तिला बसवीन, रोज बसवीन. नाहीतर चौघांपैकी तिघं सोमवारी त्या बसमध्ये. ड्वेन जेवायला आला, भुवयांवरचा बर्फ पुसत म्हणाला, "काय शिकलात आज?" तेव्हा ती म्हणाली, "राजधान्या." त्यानं आणखी सूप वाढून घेतलं. गुरं त्याची, मुलं तिची, असा त्यांच्यात पहिल्यापासूनचा करार होता, आणि त्या दिवशी तो तिला फार सोयीचा वाटला.

बुधवारी सकाळी ड्वेन एक वासरू खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात आला. पहिलटकरणीचं, रात्रीतून झालेलं, कान गोठून कडक झालेले. आमच्याकडे हे नवं नाही. फेब्रुवारीत निम्म्या घरांच्या न्हाणीघरात एकदा तरी वासरू असतंच. मुलांनी जुनी गोधडी आणली, गरम हवेच्या जाळीपाशी त्याला ठेवलं, आणि शाळा आपोआप मोडली. टीली त्याचे कान तळहातात धरून बसली. डार्ला बटाटे आणायला तळघरात उतरली होती. वरून तिला ड्वेनचा आवाज आला.

"टीले, त्या पोत्यावर वाच गं, दूधपावडर किती घालायची. माझ्या चष्म्यावर बर्फ बसलाय."

डार्लाचा पाय पायरीवर अडला. धावत वर जावं असं तिला वाटलं, आणि ती गेली नाही. गेली असती तर का धावलीस हे सांगावं लागलं असतं. आणि सांगायचं कोणापुढे, तर नवऱ्यापुढे, ज्याला ती तीन वर्षं सांगत आली होती की माझ्यावर सोड.

"दोन मापं पावडर, एक बाटली पाणी," टीलीचा आवाज आला. स्वच्छ, ठसक्यात.

गेल्या वर्षीच्या पोत्यावर तेच होतं. गेल्या वर्षी क्लेटन रोज मोठ्यानं वाचायचा. पण ड्वेननं या वर्षी दुसरी पावडर आणली होती.

डार्ला बटाटे घेऊन वर आली तेव्हा वासरू बाटली ओढत होतं, शेपूट हलवत होतं, आणि सगळे इतके खुशीत होते की तिनं पोत्याकडे बघायचं टाळलं. बघितलं नाही, हे तिनं पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. संध्याकाळपर्यंत वासराला हगवण लागली. पिवळी, पाण्यासारखी. मान टाकली. ड्वेननं पोतं दिव्याखाली धरलं.

"इथं तर एकच माप लिहिलंय. टीली दोन म्हणाली ना?"

टीली गोधडीपाशी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ती एकच म्हणाली. मी नंतर वाढवलं," डार्ला म्हणाली. "अशक्त दिसलं म्हणून आणखी एक माप घातलं."

"तू? वीस वर्षं गुरांत काढून?"

"झाली चूक. मी काय देव आहे?"

ड्वेननं पोतं खाली ठेवलं. मग मीठ-साखरेचं पाणी करायला लागला. टीलीनं मात्र आता आईकडे पाहिलं. आई खोटं बोलली हे तिला कळलं होतं. का, ते कळलं नव्हतं.

गुरुवारी वारा पडायला लागला आणि डार्लाचं धाबं दणाणलं. ज्या बाईनं आयुष्यभर वादळ थांबू दे म्हणून हात जोडले, तीच आता खिडकीशी उभी राहून म्हणत होती, आणखी एक दिवस, एकच. नवरा दोरीला धरून बाहेर, वासरू आत जेमतेम श्वास घेतंय, आणि हिला वादळ हवंय. तिला स्वतःची लाज वाटली, तरी इच्छा काही हटेना. दहाला फोन वाजला.

"डार्ला, उद्या आठला बर्फ काढणारं यंत्र निघतंय," श्टाइगरबाई म्हणाल्या. "मी त्याच्या मागोमाग येते."

"रस्ता फार वाईट आहे बाई. पुढच्या महिन्यात आलात तरी—"

"फॉर्म या महिन्याचा आहे. आणि तुझा तो दह्याचा केक मला या महिन्यात खायचा आहे."

चोराच्या मनात चांदणं. बाईंच्या आवाजात संशय आहे असं डार्लाला वाटलं. तसा काही नव्हता. दुपारी तिनं मोठ्या दोघांना दारापुढचा बर्फ उपसायला पाठवलं, गस झोपला, टीली वासरापाशी होती. डार्लानं किटलीला आधण आणलं आणि लाल पुस्तक वाफेवर धरलं. सुरीच्या पात्यानं हळूहळू दोन पानं सुटी केली. सुटली खरी, पण पाकाबरोबर मधली सहा-सात ओळींची छपाईही निघून आली. पानाच्या मधोमध तळहाताएवढा पांढरा डाग राहिला. डार्ला त्या डागाकडे बघत राहिली. पोरगी तिथंही अडणार नाही, हे तिला माहीत होतं, आणि त्याचाच तिनं आधार घेतला.

शुक्रवारी साडेदहाला श्टाइगरबाई आल्या. बूट झटकून, चार थर काढून, टेबलाच्या टोकाशी बसल्या. थकलेल्या दिसत होत्या. चाळीस मैल त्या यंत्राच्या मागं गाडी रांगवत आल्या होत्या. हाताची बोटं कपाभोवती गुंडाळून त्यांनी क्लेटनच्या राजधान्या ऐकल्या, मार्टाचा निबंध वाचला, मार्टाला म्हणाल्या, "तुझ्या आईनं या वयात असं लिहिलं असतं तर मी तिला शाळा सोडू दिली नसती." डार्ला कसनुसं हसली. ड्वेन कोपऱ्यात वासराला बाटली पाजत होता. वासरू उभं राहायला लागलं होतं, पाय फाकून, थरथरत.

"आता तू," बाई टीलीला म्हणाल्या.

टीलीनं लाल पुस्तक उघडलं. डार्लानं तिच्या वेण्या त्या सकाळी दोनदा घातल्या होत्या. "शेळीनं टोपीकडे पाहिलं." बाईंनी कॉफीचा घोट घेतला आणि डोळे मिटले. स्वयंपाकघरात ऊब होती, पोरीचा आवाज गोड होता. पानं उलटली. पांढरा डाग आला. टीली त्या कोऱ्या जागेवर नजर ठेवून वाचत गेली, आधी कड, मग बिल्ला, बाई, ही सरकारी टोपी आहे. बाई डोळे मिटूनच हसल्या. गोष्ट संपली.

"वा," बाई म्हणाल्या. "पोरीला वाचनाचं अंग आहे." त्यांनी फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

झालं. डार्लाच्या खांद्यांतलं आठवड्याचं ओझं उतरू लागलं. तिनं केक कापायला सुरी घेतली. टीली खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ आली, कमरेला बिलगली आणि हळूच म्हणाली,

"आई, आता नवं पुस्तक नको देऊस."

"का गं?"

"माझ्या डोक्यात जागा नाही आता. चार पुस्तकं झाली माझी. क्लेटनला एवढी सगळी पाठ कशी होतात?" आणि आणखी हळू, "मी रोज झोपताना चारी म्हणते, विसरू नये म्हणून. पोतं पण म्हणत होते. ते बदललं."

डार्लाच्या हातात सुरी तशीच राहिली. पोरगी फसवत नव्हती. वाचणं म्हणजे हेच, असं तिला वाटत होतं. कुणीतरी एकदा म्हणून दाखवायचं, आपण ते डोक्यात कोंबायचं, आणि मग आयुष्यभर सांभाळत बसायचं. सगळे हेच करतात, फक्त आपलं डोकं लहान, असं समजून ती आठ वर्षांची मुलगी रोज अंथरुणात चार पुस्तकं आणि एक पोतं घोकत होती. आणि आईनं तिला काल वाफेवर पान सोडवून दिलं होतं, आणखी घोकायला.

"बाई, सही नका करू," डार्ला म्हणाली.

श्टाइगरबाईंनी मान वर केली.

"टीलीला वाचता येत नाही. तिला पुस्तक पाठ आहे. सोमवारी मला कळलं. त्या पानावर मधे काही छापलेलंच नाही, बघा तुम्ही. मी काल वाफेवर धरलं ते, तुम्हाला कळू नये म्हणून." मग ती ड्वेनकडे वळली. "आणि पावडर मी वाढवली नव्हती. तिला पोतं वाचता आलं नाही, आणि मी तळघरात उभी राहून ऐकत होते."

ड्वेननं बाटलीकडे पाहिलं, वासराकडे पाहिलं. "बुधवारी सांगायचं होतंस," एवढंच म्हणाला.

"हो," डार्ला म्हणाली.

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं, तो पांढरा डाग शोधला, त्यावरून बोट फिरवलं. त्या रागावतील असं डार्लाला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं, असंही वाटलं.

"मी डोळे मिटले होते," बाई शेवटी म्हणाल्या. "सदतीस वर्षं शिकवून." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "मोठ्या दोघांवर मी सही करते, त्यांचं चांगलं चाललंय. टीलीचं मला खरं लिहावं लागेल. शाळेत वाचनाच्या एक बाई आहेत, त्या अशीच मुलं घेऊन बसतात, एकेकाला. तुला जमणार नाही असं मी म्हणत नाही डार्ला. पण तुला चार आहेत आणि तुझी शेगडी आहे. सोमवारपासून पाठव."

"बसनं?"

"बसनंच. दुसरं काय आहे इथं?"

टीलीला यातलं निम्मं कळलं. ती म्हणाली, "म्हणजे मी चुकीचं वाचलं?" आणि डार्लानं तिला मांडीवर घेतलं, आठ वर्षांची घोडी झाली होती तरी, आणि म्हणाली, "नाही गं राणी. मी चुकीचं ऐकलं."

शनिवार-रविवार डार्लाला धड घास गेला नाही. ड्वेन म्हणाला, ड्रायव्हर नवा आहे, बसमध्ये आता रेडिओ आहे, घोंगड्या आहेत. ती हो हो म्हणाली. रविवारी तिनं टीलीच्या दप्तरात एक घोंगडी घातली, मेणबत्ती, काडेपेटी, मनुका, जास्तीचे मोजे, आणि मग दप्तरात पुस्तकाला जागा उरली नाही. सोमवारी सकाळी मार्टा आली आणि आपले मेंढीच्या कातड्याचे हातमोजे टीलीच्या हातात चढवले. कोपरापर्यंत आले.

रस्त्याच्या टोकाशी दोघी उभ्या राहिल्या. वारा नव्हता, पण थंडीनं नाकपुड्या आतून चिकटत होत्या. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच बर्फाच्या भिंती. डार्लानं टीलीचा हात इतका घट्ट धरला होता की टीली म्हणाली, "आई, मोजा निघेल."

लांबून पिवळे दिवे दिसले. बस आली, समोर येऊन थांबली, भकाभक धूर सोडत. तिच्या कपाळावर मोठी काळी अक्षरं होती. टीली मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. आजवर तिनं कधी कुठल्या पाटीबद्दल, डब्याबद्दल विचारलं नव्हतं.

"आई, त्यावर काय लिहिलंय?"

डार्लाचं तोंड उघडलं होतं, शब्द जिभेवर होता. तिनं तो गिळला.

"मला नाही सांगायचं," ती म्हणाली. "तू सांग. संध्याकाळी सांग, नाहीतर उद्या, नाहीतर उन्हाळ्यात. मी थांबते."

टीलीनं मार्टाच्या मोज्यातलं जाडं बोट वर केलं. "पहिलं वाकडं आहे," ती म्हणाली. "ते मला माहितीय."

दार उघडलं. ती तीन पायऱ्या चढली, मागं न बघता, कारण ती अजून अक्षरांचाच विचार करत होती. बस वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी डार्ला तिथंच उभी होती, आणि घरी जाऊन तिनं मोठ्या दोघांच्या मधे खुर्ची ओढली, शेगडीकडे पाठ केली, आणि मार्टाच्या पुस्तकात डोकं घातलं.

"वाच," ती म्हणाली. "मी बघते."